घरचे डायलिसिस कोणाला मानवते?



मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातली घाण बाहेर काढण्याची दुसरी काही सोय करावी लागते. आपल्याला ठाऊक असते ती यंत्राची. आठवड्यातून दोनतीनदा रुग्णालय गाठायचे, चार तास पडून राहायचे आणि रक्त यंत्रातून गाळून घ्यायचे. पण अशीच एक गाळणी निसर्गाने आपल्या पोटातही ठेवली आहे. आतड्यांवरून आणि पोटाच्या भिंतीवरून एक पातळ पडदा पसरलेला असतो. त्याला उदरावरण म्हणतात. पोटात बसवलेल्या मऊ नळीवाटे सुमारे दोन लिटर द्रव आत सोडायचा आणि चारसहा तास तिथेच ठेवायचा. तेवढ्या वेळात घाण आणि जादा पाणी त्यात उतरते. मग तो काढून ताजा भरायचा, असे दिवसातून साधारण चार वेळा. १९७६ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये पोपोविच आणि माँक्रिफ ह्यांनी ही रीत पुढे आणली. घरी बसून करता येते, हा तिचा मोठा गुण.

आता घरच्या माणसांचा प्रश्न सरळ असतो : ह्याने आमचा माणूस किती जगेल? ह्याचे उत्तर द्रवाच्या पिशवीत शोधून भागत नाही. पिशवी लावणारा माणूस कोण, हे आधी पाहावे लागते. वय किती, मधुमेह आहे का, हृदय कसे आहे, अंगात प्रथिने पुरेशी आहेत का, ह्यावर पुढचे पुष्कळसे ठरते. शिवाय ह्या उपचारात रोज काही ग्रॅम प्रथिने द्रवाबरोबर वाहून जातात. म्हणून आधीच अशक्त असलेल्याच्या ताटाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

जितका द्रव जास्त फिरवावा तितका गुण जास्त, असे कोणालाही वाटेल. कॅनडा आणि अमेरिकेतील ६८० रुग्णांच्या १९९६ च्या अभ्यासावरून तज्ज्ञांनाही तसेच वाटले होते. पुढे २००१ साली तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा निराळेच दिसले. तारक ठरली होती ती रुग्णाच्या स्वतःच्या मूत्रपिंडांत उरलेली थोडीशी शक्ती. रोजची लघवी पाव लिटरने जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी कमी आढळला. २००२ साली मेक्सिकोतील ९६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना जादा द्रव दिला होता. दोन वर्षांनी जगलेल्यांचे प्रमाण एका गटात ६८ टक्के तर दुसऱ्यात ६९. फरक असा नाहीच!

तेव्हा लघवी थोडी होते आहे, तिचे काय एवढे, असे म्हणू नका. ती मोजा, टिपून ठेवा. अंग दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेण्याची आपली सवय ह्या रुग्णांनी तर सोडलीच पाहिजे. उरलीसुरली शक्ती अशा गोळ्यांनी जाते.

यंत्र बरे की पोटाची रीत बरी, असा वाद नेहमी निघतो. आकडे पाहिले तर पहिली एकदोन वर्षे पोटाच्या रीतीचे पारडे पुष्कळदा जड दिसते. परंतु जरा थांबा. घरचा उपचार निवडणारे बहुधा तरुण आणि धडधाकट असतात. ऐनवेळी धाप लागून आलेल्याला मात्र यंत्रावरच घेतात. माणसे सारखी नसताना नुसते आकडे ताडून काय कळणार? हा भेद जमेस धरला म्हणजे दोन्ही रीती जवळजवळ बरोबरीने येतात.

धोका आहे तो जंतूंचा. नळीवाटे ते आत शिरले की उदरावरणाला सूज येते, पोट दुखते, बाहेर येणारा द्रव गढूळ दिसतो. तसा दिसला तर उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आणि प्रत्येक पिशवीच्या आधी साबणाने हात धुणे, हात कोरडे करणे, तोंडाला पट्टी बांधणे, ह्यात एकदाही सूट नाही.

मग म्हाताऱ्यांनी ह्या वाटेला जाऊच नये काय? तसे नाही. फ्रान्समध्ये परिचारिका घरी जाऊन वृद्धांच्या पिशव्या बदलून देतात. हाँगकाँगमध्ये तर १९८५ पासून सरकारी रुग्णालयांतून आधी हीच रीत देण्याचे धोरण आहे. आपल्याकडे २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचा भर जिल्हा रुग्णालयातील यंत्रांवर होता. २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्याच्या गावाहून जिल्ह्याला जायला अर्धा दिवस मोडतो, त्याने ही सोय आपल्याला मिळेल का, हे जरूर विचारावे.

विचारताना मात्र नुसते 'कोणते चांगले?' असे विचारू नका. 'आमच्या माणसाचे वय हे, आजार हे, लघवी एवढी होते, घरात मदतीला अमुक आहे. ह्याला कोणते मानवेल?' असे विचारा. डॉक्टरांना नेमके उत्तर देता येईल ते ह्याच प्रश्नाचे.