निशिगंधाचा कंद

इंग्रजी पुस्तकांतून ‘स्नोड्रॉप’ या शुभ्र फुलाचें वर्णन वाचून तें आपल्या अंगणांत लावावें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्याच्या कंदाला कित्येक आठवडे कडक थंडी लागते; पनवेलजवळच्या रोडपालीच्या उष्ण, दमट हवेंत तो फुलणार नाहीं. तो मान मूळच्या मेक्सिकोच्या, पण आतां आपल्याच झालेल्या निशिगंधास द्यावा.

सुगंधासाठीं एकेरी पाकळ्यांची जात घ्यावी. मार्च-एप्रिलांत सुपारीएवढे भरीव कंद २ इंच खोल, वीतभर अंतरावर, उन्हांत लावावे. कोंब फुटेपर्यंत पाणी बेतानेंच द्यावें. घाटाखालचा पाऊस हाच खरा शत्रु. पाणी तुंबलें कीं कंद कुजतो. म्हणून वाफा उंच करावा व मातींत वाळू आणि कुजलेलें शेणखत मिसळावें. सज्ज्यांतील कुंडीचें भोंक मोकळें ठेवावें.

एकदां फुललेला कंद पुन्हां फुलत नाहीं. फुलतात तीं त्याच्या कडेचीं पिल्लें. यास्तव दांडा वाळतांच झाड मेलें असें समजून तें उपटूं नये. हिरवी पातही कापूं नये. तीच पिल्लांस पोसते. ती पिवळी पडल्यावर कंद काढून सावलींत सुकवावे, आपल्यापुरते ठेवावे आणि उरलेले शेजाऱ्यांस द्यावे.