रॅकमधला कंप्रेसर गुणगुणायला लागला तर?

(या भागाचा लिखित मजकूर. हेडफोन विसरलेल्यांसाठी!)

 

आजच्या भागाची तयारी करताना मी 'कंप्रेसर दुरुस्ती' असं सर्च केलं, तर फ्रिज आणि एसीवाल्यांचीच यादी आली. म्हणून आधीच सांगतो, आजचा कंप्रेसर तो नाही. हा साउंडवाल्यांच्या रॅकमध्ये बसतो. १९ इंच रुंद, पावणेदोन इंच उंच, समोर नॉब आणि लुकलुकणारे एलईडी.

तो करतो काय? गायक एक ओळ हळू गातो, पुढची ओळ माइक तोंडात घालून गातो. अशा वेळी कुणीतरी फेडरवर बोट ठेवून बसलंय असं समजा. आवाज एका रेषेच्या वर गेला की तो खाली ओढतो, उतरला की सोडतो. ती रेषा म्हणजे थ्रेशोल्ड, आणि किती ओढायचं ते ठरवतो रेशो. आत दोन मुख्य भाग असतात: एक आवाज मोजणारा, दुसरा आवाज कमी करणारा. कमी करायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. एलए-टू-ए नावाच्या प्रसिद्ध कंप्रेसरमध्ये हे काम प्रकाशावर चालतं. बिल पुटनम यांनी १९६७ साली आणलेल्या ११७६ मध्ये ट्रान्झिस्टर वापरला. आणि १९७१ मध्ये डीबीएक्स सुरू करणारे डेव्हिड ब्लॅकमर यांच्यामुळे व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजवर चालणारा अँप्लिफायर, सगळीकडे पोचला. लग्नात, ऑर्केस्ट्रात दिसणारे बरेचसे कंप्रेसर याच जातीचे.

आता गोष्ट. माझ्या मामाचा साउंडचा धंदा आहे. तालुक्याचं गाव, एक टेम्पो, दोन पोरं मदतीला. मी दिवाळीला गेलो तर मामा वैतागलेला. आदल्या आठवड्याच्या कार्यक्रमात कंप्रेसर भर गाण्यात 'हूंऽऽ' करायला लागला आणि गायिकेचा आवाज सारखा बुडायचा. पार्टीनं पैसे कापले. आणि मामानं काय केलं? टेम्पोतून रॅक उतरवताना एका पोराच्या हातून तो जरा आपटला होता, म्हणून त्याच्या पगारातून दोन हजार कापले. पोरगा काही बोलला नाही. पण कामावर यायचाही बंद झाला.

मामा म्हणाला, "तू इंजिनिअर ना? बघ जरा. शनिवारी परत कार्यक्रम आहे."

आता मी सॉफ्टवेअरवाला. पण बीटेकला सोल्डरिंग केलेलं, त्यामुळे अंगात आलं. दोन व्हिडिओ बघितले आणि ठरवून टाकलं की व्हीसीएची चिप गेली. ऑनलाइन ऑर्डर केली, हजारभर रुपये, तीन दिवस वाट बघितली. चिप बदलली. हूंऽऽ तसंच!

इथं माझी चूक काय झाली ते ऐका, कारण अख्ख्या भागाचा मुद्दा तोच आहे. मी मोजायच्या आधी आरोपी ठरवला. ऑफिसमध्ये कुणी लॉग न बघता कोड बदलला तर मी त्याला सोलून काढतो. आणि इथं मी तेच केलं.

मग शांतपणे बसलो. पहिला प्रश्न: दोष नक्की या डब्यातच आहे का? बायपासचं बटण दाबलं. आमच्या डब्यात ते रिलेवर चालतं, म्हणजे आवाज आतल्या सर्किटला वळसा घालून थेट बाहेर जातो. हूंऽऽ बंद. म्हणजे केबल, मिक्सर, अर्थिंग यांचा संबंध नाही. दोष आतच.

दुसरा प्रश्न: एका चॅनेलला की दोन्हींना? दोन्हींना, अगदी सारखा. आता विचार करा, प्रत्येक चॅनेलला चिप वेगळी आहे. दोन चिपा एकाच दिवशी सारख्याच कशा मरतील? दोघांना एकच आजार असेल तर दोघं जिथलं पाणी पितात ते बघायचं. म्हणजे पॉवर सप्लाय. हे डोक्यात आलं असतं तर हजार रुपये वाचले असते.

तिसरा पुरावा तुमच्या खिशात आहे. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकटचं ॲप घ्या आणि स्पीकरसमोर धरा. आपली लाइट ५० हर्ट्झची. ती डायोडच्या ब्रिजमधून गेली की चढउतार १०० हर्ट्झचे होतात. माझ्या स्क्रीनवर सगळ्यात उंच रेषा १०० वर होती. हा पक्का पुरावा नाही, पण बोट सप्लायच्या फिल्टरकडेच जात होतं.

थांबा, झाकण उघडायच्या आधी एक गोष्ट. पिन सॉकेटमधून काढा. नुसतं स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण फ्यूज आणि स्विचपर्यंत २३० व्होल्ट आलेले असतात. पाच मिनिटं थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज उरलंय का ते मीटरनं बघा. चालू ठेवून मोजायचं असेल तर जाणकार माणूस शेजारी हवा, आणि एक हात खिशात. व्हॉल्व्हवाला कंप्रेसर असेल तर उघडूच नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात. आणि हूंऽऽ जावं म्हणून अर्थची पिन तोडणारे भाऊ, प्लीज नका करू. ती पिन गायकाचा जीव वाचवते.

तर सप्लाय. आत अधिक १५ आणि उणे १५ असे दोन व्होल्टेज लागतात. अधिक बाजू बरोबर १५. उणे बाजू १४.२. वाटलं, एवढं चालतंय की! पण मीटर एसीवर टाकला, तर उणे बाजूवर जवळपास एक व्होल्ट हलत होता. तिथं काही मिलिव्होल्टच असायला हवेत. इथं एक टीप: स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीचंही खोटं रीडिंग दाखवतो. म्हणून मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये लावून मोजा.

कारण असं. रेग्युलेटरला बाहेर १५ द्यायचे तर आत साधारण १७ तरी लागतात. मोठा फिल्टर कपॅसिटर ही त्याची टाकी. टाकी आटली की दर सेकंदाला १०० वेळा आतलं व्होल्टेज खाली जातं आणि रेग्युलेटर गुडघे टेकतो. ती लाट आवाजात घुसते, आणि मोजणाऱ्या भागातही घुसते. मोजणाऱ्याला वाटतं आवाज वाढला, की तो गायिकेला खाली ओढतो. म्हणजे कंप्रेसर आपलं काम चोख करत होता. फक्त तो ऐकत होता ते गाणं नव्हतं.

कपॅसिटर बदलला. जुना ८५ डिग्रीचा होता, नवा १०५ डिग्रीचा घेतला. तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि बोर्डवर बसेल असा. दोन्ही बाजूंचे बदलले, सत्तर रुपयांत काम झालं. सावध राहा, उणे बाजूच्या कपॅसिटरचा अधिक पाय ग्राउंडला जातो. उलटा लावलात तर फुटतो.

मग तपासणी. फोनमधून १ किलोहर्ट्झचा टोन दिला, रेशो चारास एक ठेवला. थ्रेशोल्डच्या वर इनपुट ८ डीबीनं वाढवलं की आउटपुट २ डीबीनंच वाढलं पाहिजे. वाढलं. चार तास चालू ठेवला. शांत.

आता खरा प्रश्न. पोरानं आपटला म्हणून झालं का? आपटल्यावर सोल्डरला तडा जातो, कनेक्टर सुटतो. मी सगळे सांधे भिंगातून बघितले, एकही तडा नव्हता. कपॅसिटर आतून सुकतो तो वयानं आणि उष्णतेनं. ढोबळ हिशोब असा की तापमान १० डिग्रीनं वाढलं की आयुष्य निम्मं. आणि हा डबा होता पॉवर अँप्लिफायरच्या बरोबर डोक्यावर, मध्ये बोटभरही जागा नाही.

तो रॅक तसा कुणी लावला होता? चार वर्षांपूर्वी, सुट्टीत, "मामा, किती नीट दिसतंय बघ" असं म्हणत... मी. गिट ब्लेम चालवलं आणि नाव माझंच निघालं.

मामाला सगळं दाखवलं, मीटरसकट. रॅकचंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चल, गाडी काढ." आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. मामानं दोन हजार त्याच्या हातात ठेवले. सॉरी वगैरे म्हणाला नाही, एवढंच म्हणाला, "शनिवारी लवकर ये." सॉरी मी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "दादा, मला पण मीटर शिकवा."

शनिवारी तो आला. रॅक आम्ही दोघांनी मिळून परत लावला, अँप्लिफायरच्या वर एक घर मोकळं सोडून. कार्यक्रमात हूंऽऽ नाही, आवाज बुडणं नाही.

तर मंडळी, डब्यावर आणि माणसावर, दोघांवरही आळ घ्यायच्या आधी मोजा. तुमच्याकडेही असा गुणगुणणारा डबा पडला असेल तर बायपास दाबून काय झालं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!