भिंतीतली वायर



नोकरीबद्दल बोल, असं संयोजकांनी सांगितलं होतं. पण मी दिवसभर कोड लिहिते, त्यात ऐकण्यासारखं फारसं नाही. त्यापेक्षा हे साबणाचं डबडं बघा.

बाबा गेले त्या वर्षी त्यांचा फोटो लावायला मी आईच्या घरी ड्रिल चालवलं. ठिणगी उडाली, एमसीबी पडली. भिंतीत वायर होती. वायरिंग बाबांनीच समोर उभं राहून करून घेतलेलं. कोणती वायर कुठून गेली, हे फक्त त्यांनाच ठाऊक.

मग म्हटलं, पदवी आहे तर वायर शोधणारं यंत्र आपणच करू. ३ बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ३ रेझिस्टर, १ एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. बाईंनी वर्गात केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांवर धरला होता, आठवतंय? न शिवता कपटे उडाले. चालू वायरीभोवतीही तसंच विद्युत क्षेत्र असतं, फक्त ते सेकंदाला ५० वेळा हेलकावतं. त्यामुळे वेटोळ्यात नखाएवढासुद्धा म्हणता येणार नाही असा प्रवाह येतो. एक ट्रान्झिस्टर तो १०० पट करतो असं धरा. एकापुढे एक तीन जोडले की कागदावर १० लाख पट. दिवा लागतो. (सोल्डरिंग करताना बोट दोनदा भाजलं, ते वेगळं.)

हॉलमध्ये दिवा मस्त लागला. मग बाथरूममध्ये आरसा लावायचा होता. डबडं फिरवलं, दिवा लागला नाही. ड्रिल टेकवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, गिझरचं बटण बंद आहे ना?" बटण चालू केलं. त्याच जागी दिवा पेटला.

बटणाच्या पुढची वायर बंद असेल तर डबड्याला ती दिसतच नाही. लोखंडी पाइपातली दिसत नाही, आणि ओलसर भिंत असेल तर सगळीकडेच दिवा लागतो. म्हणून शोधताना सगळी बटणं चालू करायची आणि भोक पाडताना मेन स्विच बंद. मेन बंद तर ड्रिल कसं चालणार, असं मागच्या बाकावरून कोणीतरी विचारणारच! शेजाऱ्यांकडचं बॅटरीवालं आणलं.

फोटो आता वीतभर डावीकडे आहे. जुनं भोक आईने बुजवू दिलेलं नाही.

डबडं इथे टेबलावर ठेवतेय. चहाच्या वेळी शाळेच्या भिंतींवर फिरवून बघा.