परताव्याचे पैसे कोणाचे?

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी कारखाने आहेत. समजा, तिथला एक विक्री प्रतिनिधी सुरतला जायचं तिकीट स्वतःच्या खात्यातून काढतो आणि बिल लावून पैसे कंपनीकडून घेतो. ऐन वेळी बोरिवलीला गाडी तीन तासांहून जास्त लेट. तो प्रवास रद्द करतो आणि गाडी सुटण्याआधी आयआरसीटीसीवर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरतो. नियमाप्रमाणे पूर्ण भाडं परत मिळतं, पण काही दिवसांनी, आणि ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यात. कंपनीला पत्ताच नाही.

ते पैसे कंपनीचेच. खर्च तिने सोसला, त्याच्या खिशाला झळ लागलेली नाही. शिवाय एसी डब्याच्या भाड्यावर जीएसटी असतो. कंपनीने त्याचं क्रेडिट घेतलं असेल, तर न झालेला प्रवास तिच्या हिशेबात तसाच राहतो आणि उत्तर द्यायची वेळ अकाउंट्समधल्या माणसावर येते. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

ठरावीक दैनिक भत्त्याचं वेगळं. त्यातून काटकसर करून उरलं, तर सहसा ते कर्मचाऱ्याचंच. कार्डावरच्या कॅशबॅकबद्दल मात्र कंपनीचा नियम आधी विचारून घ्यावा.

परतावा जमा झाल्याचा मेसेज आला, की त्याच दिवशी अकाउंट्सला मेल करा, पीएनआर लिहा, रक्कम वळती करा आणि पोच मागून घ्या.