वैशाखातील रोपवाटिका

(अष्टमी येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ज्या विषयासाठी जमलो आहोत त्याची आठवण आपल्याला सामान्यतः जून महिन्यात होते. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, आणि तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा हा झाडे लावण्याचा आठवडा म्हणून ठरून गेला. आपल्या राज्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. या संकल्पांनी गावोगावी उत्साह निर्माण केला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जुलैमध्ये खड्ड्यात उतरणारे रोप जगणार की मरणार, याचा निकाल पुष्कळदा त्यापूर्वीच, फाल्गुन ते वैशाख या तीन महिन्यांत, रोपवाटिकेच्या वाफ्यावर लागून गेलेला असतो. त्या वेळी तेथे कोणी छायाचित्र काढायला जात नाही. म्हणूनच त्या तीन महिन्यांविषयी बोलावे असे मी ठरविले.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. बी, माती आणि मुळे यांविषयी मला जे ठाऊक आहे ते रोपवाटिकांतून हिंडताना, तेथे राबणाऱ्या माणसांकडून आणि कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून ऐकलेले व पाहिलेले आहे. शास्त्र आणि हिशेब ही दोन्ही एका माणसाच्या ठायी नांदू शकतात याचे उदाहरण मात्र याच परिसराने देशाला दिले. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी होते आणि त्या विषयातील पारितोषिक त्यांनी मिळविले होते. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रोपवाटिका चालविणाऱ्यालाही मुळे आणि हिशेब, दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागते, एवढ्यापुरताच हा उल्लेख.

आता मूळ विषयाकडे वळतो. रोपवाटिका ही कोकणातील शेतकऱ्याला नवी गोष्ट नाही. भाताचे रोप तयार करण्यासाठी आपला शेतकरी उन्हाळाभर राब तयार करतो. कवळ तोडायचा, तो वाळवायचा, शेण, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर द्यायचे आणि मृगापूर्वी भाजणी उरकायची. या राबासाठी जंगलातून कवळ तोडण्याचा हक्क किती महत्त्वाचा मानला जात असे, हे १८८० च्या दशकात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांची जी सरकारी चौकशी झाली तीवरून दिसते. राबाने झाडांची हानी होते, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पर्यायही निघालेले आहेत. मला त्यातील एवढीच गोष्ट घ्यायची आहे की, ज्या भाताच्या रोपाचे आयुष्य वाफ्यावर अवघे तीन-चार आठवड्यांचे, त्याच्यासाठी आपला शेतकरी काही महिने आधीपासून तयारी करतो. मग पन्नास वर्षे उभे राहावयाचे झाड मात्र आपण मेअखेरीस मागणीपत्र धाडून मागवितो, हे विचित्रच म्हणावे लागेल.

रोपवाटिका काढायची म्हटली की पहिला प्रश्न विचारला जातो तो रोपांच्या संख्येचा. माझ्या मते पहिला प्रश्न पाण्याचा आहे. आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. वैशाखात एका पिशवीला दोन वेळांचे मिळून पाव लिटर पाणी धरा. दहा हजार पिशव्यांना दिवसाला अडीच हजार लिटर पाणी लागेल. दोन हजार पिशव्यांना पाचशे लिटर, म्हणजे अडीच पिंपे पुरतील. ज्या गावाची विहीर मे महिन्यात अडीच पिंपेच देऊ शकते, त्या गावाने दहा हजारांचा फलक लावू नये. आठ हजार रोपे वाळली तर त्यांच्याबरोबर पिशवी, माती, खत आणि मजुरी तर वाया जातेच. पण पुढील वर्षी गावाचा कोणी हात लावायला येत नाही, हे नुकसान अधिक मोठे.

रोहे-अष्टमीचा परिसर या बाबतीत भाग्यवान आहे. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून भिरा येथील टाटांच्या वीजगृहात येते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेत सोडले जाते. १९२७ पासून हा क्रम चालू आहे. तेच पाणी डोलवहाल बंधाऱ्यावरून कालव्यांना मिळते, आणि म्हणून कोकणातील इतर नद्या कोरड्या पडतात तेव्हाही येथे उन्हाळी भात दिसतो. या पाण्यासाठी मुळशी पेट्यातील लोकांना आपल्या जमिनी सोडाव्या लागल्या व सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला, हा इतिहास हे पाणी वापरताना आपण विसरू नये. कालव्यालगत रोपवाटिका काढणाऱ्यांनी पाण्याच्या आवर्तनाचे वेळापत्रक आधी हाती घ्यावे. कालवा दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद राहिला तर पिशवीतले रोप आठ दिवस थांबत नाही. खाडीच्या अंगाला विहीर असेल तर मार्चनंतर अधूनमधून पाण्याची चव पाहावी. पाणी मचूळ होऊ लागले की कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळू लागतात आणि आपण मात्र रोगाचे औषध शोधत बसतो.

बियाण्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण खरी कमाई तेथेच आहे. वसंतात जंगल आपल्याला बी देत असते. ऐन, करंज, बहावा, सातवीण यांचे बी या सुमारास हाती लागते. बहाव्याचे कवच कठीण असते. त्याचे बी गरम पाण्यात टाकून रात्रभर तसेच भिजू दिले तर उगवण सुधारते. अशी कोरडी बियाणी काही काळ साठवता येतात. परंतु फणस, जांभूळ, कोकम आणि आंबा यांची बियाणी सुकली की मेली. फणसाची आठळी भाजीसाठी आपण ठेवतो तशी पेरणीसाठी ठेवता येत नाही. मेमध्ये फळ खाल्ले की त्याच आठवड्यात बी मातीत गेले पाहिजे. कार्यालयाच्या कपाटात ‘बियाणे प्राप्त’ म्हणून नोंदलेली जांभळाची गोणी महिन्याभराने उघडली तर तिच्यातून काहीही उगवणार नाही.

दुसरे असे की, बी कोणत्या झाडाचे, हे ठाऊक असले पाहिजे. रस्त्याच्या कडेला सोयीचे उभे असलेले एकच झाड झोडपून सगळे बी गोळा करण्याची पद्धत चुकीची आहे. सरळ वाढीची, निरोगी, निरनिराळ्या जागची आठ-दहा झाडे हेरून ठेवावीत आणि त्यांची नोंद वहीत करावी. हे ज्ञान गावात आहे. कातकरी आणि ठाकर समाजातील स्त्रियांना कोणत्या दांडावरचा हिरडा मोठा आणि कोणत्या ओहळाकाठचा करंज लवकर तडकतो, हे पाठ असते. त्यांना बोलावून, मजुरी देऊन हे काम करून घ्यावे.

फळझाडांच्या बाबतीत तर ही नोंद कायद्याचीही बाब आहे. फळझाडांच्या रोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा राज्यात १९६९ पासून आहे. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. तेव्हापासून मातृवृक्षाच्या नोंदीचे महत्त्वही वाढले. कोकमाचेच पाहा. कोकमात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बियांपासून केलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात आणि हे कळते ते काही वर्षांनी, फुले आल्यावर. ज्याने कोकमाची शंभर रोपे लावून सात वर्षे सांभाळली, त्याने पन्नास झाडांना फळ नाही म्हणून कोणाकडे दाद मागावी? म्हणून कोकम लावायचे तर कलमच लावावे. काजूचे बी मात्र याच मोसमात ताजे मिळते. ते उन्हात वाळवून पाण्यात टाकावे, जे बुडेल तेच घ्यावे, आणि भिजवून देठाची बाजू वर ठेवून पेरावे. त्यावर पुढे वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ यांसारख्या जातींच्या काड्या बांधता येतात. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. खात्रीच्या काड्या तेथून घ्याव्यात.

पिशवी भरणे हे हलके काम समजून कोणाकडेही सोपविले जाते. लाल माती, रेती आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण चाळून घ्यावे. ओले शेण घातले तर त्याची उष्णता आणि पाठोपाठ येणारी हुमणी रोप खाते. पिशवीला खाली भोके हवीत. दहा मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्यावर पिशव्या मांडल्या की दोन्ही बाजूंनी हात पोचतो. वर नारळाच्या झावळ्यांचा मांडव पुरेसा होतो. उन्हाच्या भीतीने पाणी जास्त दिले तर कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. अशा वेळी पाणी आवरावे आणि एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना, फवारावे. महिन्यातून एकदा पिशव्या उचलून जागा बदलावी, म्हणजे बुडातून जमिनीत शिरलेली मुळे तुटतात आणि रोप स्वतःच्या पिशवीतच मुळे धरते. हे केले नाही तर जुलैमध्ये पिशवी उपटताना अर्धे मूळ वाफ्यातच राहते.

शिक्षक मित्रांना माझी एक विशेष सूचना आहे. शाळेची रोपवाटिका बहुधा एका कारणाने मरते आणि ते कारण म्हणजे उन्हाळ्याची सुटी. जानेवारीत मुले हौसेने पिशव्या भरतात, मार्चमध्ये कोंब पाहून हरखतात, आणि रोपांना पाण्याची सर्वांत अधिक गरज असते त्या मे महिन्यात शाळेला कुलूप लागते. तेव्हा एप्रिल संपण्यापूर्वीच फाटकाची किल्ली, झारी आणि पाण्याची पाळी कोणाकडे राहील, हे नावानिशी लिहून पंचायतीकडे द्यावे. शक्य झाल्यास सुटीपुरती रोपे बचत गटाच्या वाफ्यावर हलवावीत. मुलांची पाळी लावायची तर शाळेजवळ राहणाऱ्या मुलांचीच लावावी. भर दुपारी तीन किलोमीटर चालत येऊन कोणी पाणी घालणार नाही, आणि घालूही नये.

आणखी एक बाब पंचायत सदस्यांनी विचारात घ्यावी. आपल्या भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा तेथेच तुटते. रोपवाटिकेचे काम नेमके याच महिन्यांतले आहे. दोन-तीन हजार रोपांची वाटिका मोजक्याच घरांना काम देऊ शकेल, आणि भट्टीवरची उचल फेडण्याइतका पैसा त्यातून मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही ज्या दोन-चार घरांना फाल्गुनापासून गावातच मजुरी मिळाली, त्या घरांतील मुले वर्गात राहिली, असे घडू शकते. अट एकच आहे, की मजुरी वेळेवर मिळाली पाहिजे. आठवड्याच्या बाजाराला ज्याच्या हाती पैसा नाही तो पुढच्या आठवड्यात भट्टीच्या गाडीत बसलेला असेल.

हे सर्व एकाच वसंतात संपत नाही. शेवगा, गिरिपुष्प यांसारखी रोपे फेब्रुवारीत पेरून जुलैत लावता येतात. परंतु पुष्कळ जातींना वर्ष-दीड वर्ष वाफ्यावर ठेवणे हितावह असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड भागातील सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे रोप लागणीयोग्य व्हायला बारा ते अठरा महिने लागतात. म्हणजे २०२० च्या पावसाळ्यात बागायतदाराला रोप देऊ शकणारा माणूस तोच, ज्याने २०१९ च्या वसंतात पिकलेली, वजनदार सुपारी निवडून रेतीत लावली होती. वादळानंतर कितीही निधी आला तरी तो वेळ विकत मिळत नाही. यासाठी माझा आग्रह असा आहे की, प्रत्येक पंचायतीने या वर्षी पेरलेल्या रोपांपैकी निदान चौथा हिस्सा पुढील वर्षासाठी राखून ठेवावा, जुलैत कितीही मागणी आली तरी. ज्या रोपाने एक वैशाख वाफ्यावर काढला आहे ते माळावरचा पुढला वैशाख अधिक सहज सोसते, आणि शेळीच्या तोंडापेक्षा उंचही झालेले असते.

आता वाटपाविषयी सांगून मी थांबतो. मेच्या मध्यापासून मांडवावरच्या झावळ्या थोड्या थोड्या काढाव्यात आणि पाणीही हळूहळू कमी करावे. सावलीतून एकदम उघड्यावर नेलेले रोप करपते. पहिल्या सरीला रोपे हलवू नयेत. जमीन चांगली वीतभर ओली होऊ द्यावी. रोप शेंड्याला न धरता पिशवीला धरून उचलावे, आणि खड्ड्यापाशी पिशवी ब्लेडने चिरून मातीच्या गड्ड्यासह लावावे. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा रोपवाटिकेच्या पिशव्यांना तीतून सवलत मिळाली, परंतु त्या माळरानावर टाकून येण्याची सवलत कोणी दिलेली नाही. नेलेल्या प्रत्येक रोपामागे रिकामी पिशवी मोजून परत घ्यावी आणि त्या पिशव्यांचा आकडा वहीतील रोपांच्या आकड्याशी त्याच संध्याकाळी ताडून पाहावा.