पांढऱ्या सशाचं गोत

पावसाळ्याच्या तोंडावर सारोळ्यात, नीरेच्या पुलाकडे जाताना, हायवेच्या कडेला मला एक पुठ्ठ्याचं खोकं दिसलं. आत पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा अंग चोरून बसला होता. शेजारी अर्धं गाजर. त्या गाजरानं माझ्या पोटात कालवलं. सोडून जाणाऱ्यालाही त्याची माया होतीच की!

घरी आणला, तर आई म्हणाली, "अरे, माळावर सोड त्याला. जाईल आपल्या गोतात."

माळावरचा आणि पाळीव, आपण दोघांनाही ससाच म्हणतो, तिथंच घोटाळा होतो. माळावरच्या सशाची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी, गवताच्या आडोशाला जन्मतात. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. त्यांची पिल्लं जन्मतः उघडीवाघडी आणि आंधळी. या दोघांचा संकरसुद्धा होत नाही. मग गोत कुठलं? चांदण्या रात्री पांढरा ससा माळावर सोडणं म्हणजे कुत्र्या-कोल्ह्यांना आवतण देणं. पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हेही सांगायला हवं.

रात्रभर त्यानं कशाला तोंड लावलं नाही. सकाळी खोक्यात एकही लेंडी नव्हती. सशाचं पोट असं थांबलं की त्याच्या जिवावर बेततं. उद्या बघू म्हणून चालत नाही. नशीब आमचं, नदीपलीकडे शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लगेच तिकडे नेला, म्हणून वाचला.

तेव्हापासून त्याचा मुख्य आहार म्हणजे गवत. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला दिवसभर गवत चघळावं लागतं. गाजर गोड, ते कधीतरी बोटभर. आमच्याकडे वाळलेल्या मारवेलीच्या पेंढ्या सहज मिळतात. बांधावरचं ओलं गवत मात्र तणनाशक मारलेलं नाही ना, हे विचारूनच मी कापतो. पहाटे तो आपल्याच मऊ लेंड्या खातो. पहिल्यांदा पाहून मी घाबरलो होतो, पण त्याच्या पचनाची ती रीतच आहे. आणि कान धरून उचलायचं नाही! एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय लोंबकळले की तो झटका देतो, आणि त्या झटक्यात त्याचाच कणा मोडू शकतो.

पुष्कळ दिवस तो पलंगाखालीच होता. ट्रॅक्टर गेला की मागचा पाय धपकन आपटायचा. आपल्या भाईबंदांना सावध करण्याची ती खूण. इथं ऐकायला आम्हीच. परवा दुपारी तो ओसरीच्या फरशीवर पहिल्यांदा पाय ताणून, कुशीवर पडला. भ्यालेला ससा असा कधी पडत नाही. आई पोथी वाचत होती. तिनं आपला आवाज हळू केला.