इंजिनावरील झांकण आणि घरचा रंग

श्रोते हो, गोंदियासारख्या धानाच्या आणि राइस मिलच्या गांवांत मोटार बाहेरून रोज पुसली जाते. पण बॉनेट उघडून आंत पाहण्याची संवय आपणांपैकीं थोड्यांनाच असते. मलाही ती शाळेंतून निवृत्त झाल्यावरच लागली. माझी जुनी गाडी विकावयाची होती. इंजिनावरचें काळें प्लास्टिकचें झांकण उन्हानें व उष्णतेनें राखेसारखें पांढुरकें पडलेलें. मीं बाजारांतून रंगाचा स्प्रे आणला आणि झांकण न काढतां, जागेवरच काळेंभोर करून टाकलें. महिन्याभरांत तो रंग कांद्याच्या सालीसारखा सुटूं लागला. आयुष्यभर मुलांना ‘कारण सांगा’ म्हणणाऱ्या मास्तराला आतां स्वतःसच कारण विचारणें भाग पडलें.

प्लास्टिक हा कांहीं एकच पदार्थ नव्हे. अशा झांकणाच्या आंतल्या बाजूस बहुधा बारीक अक्षरें उठविलेलीं असतात. ‘पी.पी.’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ‘पी.ए.’ म्हणजे नायलॉन, पुढें ‘जी.एफ. 30’ असल्यास त्यांत शेंकडा 30 भाग कांचेचे तंतु आहेत असें समजावें. पॉलिप्रॉपिलीनचें स्फटिकरूप 1954 सालीं इटलींत ज्युलिओ नात्ता यांनीं सिद्ध केलें; 1963 सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत मिळालें. हा पदार्थ स्वभावानें मेणासारखा. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, तसा त्यावर रंग ठरत नाहीं. नायलॉन त्या मानानें रंग बरा धरतें.

म्हणून दुसऱ्या खेपेस मीं रीतीनें काम केलें. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झांकण काढून घेतलें. भांड्यांच्या साबणानें कोमट पाण्यांत धुऊन तेलाचा अंश घालविला. सुटलेला रंग खरवडून, 400 आणि मग 600 नंबरच्या वॉटर पेपरनें चकाकी जाईपर्यंत घासलें आणि पुन्हां धुऊन वाळविलें. त्यावर पॉलिप्रॉपिलीनवर चालणाऱ्या प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ हात दिला व डब्यावर सांगितलेल्या वेळेंत रंगाचे तीन पातळ हात दिले. एकच जाड हात ओघळतो. नंतर आठवडाभर झांकणास हात लावला नाहीं.

ऋतूही पाहावा. आमच्याकडील वैशाखांत फवाऱ्याचे थेंब वाटेंतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो; पावसाळ्यांत दमट हवेनें रंगावर पांढुरकी झांक येते. मार्गशीर्षांतील दहा वाजतांचें कोवळें ऊन उत्तम. काम उघड्या जागीं, तोंडास मास्क बांधून, चूल-शेगडीपासून दूर करावें. स्प्रेची वाफ पेट घेते.

कांहीं भाग मात्र रंगवूंच नयेत. ब्रेक ऑइलचें व रेडिएटरच्या पाण्याचें भांडें अर्धपारदर्शक असतें, तें आंतील पातळी बाहेरून दिसावी म्हणूनच. तेलकाठीची रंगीत मूठ आणि सूचनांच्या पट्ट्याही तशाच राहूं द्याव्या. धुराच्या तप्त नळीवर साधा रंग टिकत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. दुसऱ्या खेपेस झांकण काढलें तेव्हां त्याखालीं टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल पाझरतांना दिसलें. पहिल्या वेळीं झांकण हललेंच नव्हतें, मग तें दिसणार कसें? एक शेजारी म्हणाले, “गुरुजी, झांकण आतां नवें दिसतें, खालीं कोण पाहतो?” क्षणभर मन मोहांत पडलें, हें कबूल करतों. पण तें तेल तप्त नळीवर गळल्यास धूर होतो, प्रसंगीं आगही लागते. आणि गाडी पाहावयास आला तो माझाच एक जुना विद्यार्थी! त्याच्यासमोर मीं झांकण उचलून दोष दाखविला आणि पॅकिंग बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा केला. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्हीं सांगितलें नसतें, तर मीं विचारलेंही नसतें.”

त्या वाक्यानें मला समाधानापेक्षां लाजच अधिक वाटली. तेव्हां श्रोते हो, झांकण अवश्य रंगवा. परंतु रंगविण्यापूर्वीं तें उचलून खालीं एकदां पाहा.